पाचव्या चित्राला मावशी बसल्याच नव्हत्या: बडोद्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका प्रदर्शनातल्या पाच चित्रांचं आहे. चित्रकार बडोद्याचा, मराठी, पन्नाशीच्या अलीकडचा. मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाई (पुढे त्यांना मावशीच म्हणते) दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, घरोघरी पोळ्या करणाऱ्या, साठीला टेकलेल्या. पाचपैकी चार चित्रांसाठी त्या बसल्या होत्या. पाचवं चित्र त्या गावात नसताना झालं, आणि त्यात त्या विवस्त्र होत्या. चित्रकार आणि मॉडेल यांचं नातं आधुनिक कलेत नेमकं कुठे येऊन ठेपलंय, हे मला आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या भांडणात स्वच्छ दिसलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

दोघांना विचारून लिहितेय. मावशींना चित्राखाली नाव हवं होतं, लेखात नको होतं. चित्रकारानेही नको म्हटलं. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी चित्रकला शिकवते, दोघांनाही बरीच वर्षं ओळखते, आणि शेवटी जी बोलणी झाली त्यांत मध्यस्थ म्हणून मी बसले होते. तेव्हा हे टिपण त्रयस्थाचं नाही.

बसण्याचं काम

मावशी या कामाला आल्या त्या पोळ्यांच्या ओळखीतून. चित्रकाराकडे त्या सकाळी पोळ्या करायच्या. एकदा ओटा आवरून झाल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकल्या होत्या. एक गुडघा वर, त्यावर डावा हात, मनगट सैल सोडलेलं; तासभर लाटणं फिरवल्यावर हात जसा आपसूक लोंबतो तसा. चित्रकाराने विचारलं, "मावशी, अशाच बसाल का थोडा वेळ? मी काढतो." त्या बसल्या. पुढे हे नेमाने सुरू झालं. दुपारी कामं उरकली की आठवड्यातून दोनदा त्या त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत जायच्या. पैसे त्याच दिवशी हातात मिळायचे आणि विश्रांतीची मिनिटंही त्यात धरलेली असायची. एका घरच्या पोळ्यांचा महिन्याचा पगार त्यांना तीन-चार बैठकांत सुटायचा. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्यावरून चित्रकार कुणाला फसवणारा वाटेल. तो तसा नाही. मावशी त्याला दादा म्हणतात आणि अजूनही म्हणतात.

नुसतं बसणं हेही काम आहे, हे चित्र बघणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. आमच्याकडची साधारण रीत अशी: वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं मोकळं व्हायचं, पुन्हा त्याच जागी यायचं. जागा चुकू नये म्हणून चटईच्या कडेने आणि टाचेपाशी खडूने खूण करतात. नजर एका ठिकाणी लावून ठेवावी लागते. मावशींची समोरच्या कपाटाच्या कडीवर असायची. दहाव्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात, पंधराव्याला कंबर धरते, आणि नेमकं तेव्हाच चित्रकार म्हणतो, "खांदा जरा पडलाय." मावशी मनातल्या मनात हरिपाठ म्हणायच्या. सगळे अभंग झाले की विश्रांतीची वेळ झालीच समजायची. मान वळवून घड्याळ बघता येत नाही, त्यावर त्यांचा त्यांनी काढलेला हा तोडगा.

सेझान या फ्रेंच चित्रकाराने 1899 साली आंब्रूआझ व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र केलं. व्होलारनेच लिहून ठेवलंय की त्याला 115 वेळा बसावं लागलं, आणि एकदा डुलकी लागून तो खुर्चीसकट खाली आला तेव्हा सेझान भडकला: सफरचंदासारखं बसायचं, सफरचंद कधी हलतं का? हा किस्सा सांगितला की वर्गात हमखास हशा पिकतो. त्यामागे आधुनिक चित्रकलेचा एक मोठा विचार आहे. माणूस असो की फळ, चित्रात आलं की दोन्ही रंग आणि आकार. हा विचार मला मनापासून मोलाचा वाटतो. तो नसता तर विसाव्या शतकातली अर्धी चित्रकला झाली नसती. पण सफरचंद संध्याकाळी घरी जात नाही. त्याला सून नसते, शेजार नसतो, आणि प्रदर्शनाचं आमंत्रण मिळालं म्हणून ते इस्त्रीची साडी नेसून येत नाही.

बडोद्याला माणूस समोर बसवून चित्र काढण्याची सवय जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1888 साली राजा रविवर्म्याला पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं सांगितली. आज राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात ती चित्रं आहेत आणि राजघराण्यातल्या माणसांची रविवर्म्याने केलेली व्यक्तिचित्रंही आहेत. दोन्ही एकापाठोपाठ पाहताना मला दर वेळी तेच जाणवतं. महाराणींचं चित्र महाराणींच्या नावाने ओळखलं जातं. मत्स्यगंधेचं मत्स्यगंधेच्या नावाने. तिच्यासाठी जी कोणी बसली असेल तिच्या नावाने नाही. पुढे 1950 साली इथे ललित कलांचं शिक्षण विद्यापीठात सुरू झालं, इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे शिकवायला आले, आणि बडोद्याच्या चित्रकलेने वेगळीच वाट धरली. 1970 नंतर चित्रकार भूपेन खख्खरने न्हावी, शिंपी, घड्याळजी अशी आसपासची माणसं कॅनव्हासवर आणून बसवली. त्याच्या 1972 च्या एका चित्राचं नाव आहे 'जनता वॉच रिपेअरिंग'. साधा माणूस चित्राच्या मधोमध आला, आणि चित्राला नाव मिळालं दुकानाचं.

मावशींच्या चित्रांचं नाव होतं 'बसलेली स्त्री', एक ते पाच.

पाच चित्रं

पहिलं जवळजवळ सरळ व्यक्तिचित्र. दुसऱ्यात साडी आणि भिंत एकाच करड्या रंगात मिसळलेल्या. तिसऱ्यापासून चित्रकाराने मोडतोड सुरू केली: गुडघा वाढला, डोकं लहान झालं, लोंबता हात चित्राच्या ऐन मध्यावर आला. चौथ्यात चेहरा जवळपास नाहीच.

मावशींच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तव्याच्या चटक्याचा जुना, लांबट डाग आहे. पहिल्या चित्रात तो कातडीच्या रंगाचाच, जरा गडद. तिसऱ्यात त्या जागी इंडियन रेड या तांबड्या रंगाचा एक फटकारा आला. चौथ्यात सगळं चित्र राखाडी आणि तेवढी एकच जागा तांबडी. चौथं चित्र मला फार आवडतं. लांबून आधी तो तांबडा रंग दिसतो, मग हात, मग हळूहळू बसलेली बाई. एखाद्या बाईच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल इतक्या कमी रंगात इतकं सांगणारं चित्र मी आमच्या पिढीत दुसरं पाहिलेलं नाही.

मग मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी सुरतेला गेल्या आणि पावसाळाभर तिकडेच राहिल्या. चित्रकाराकडे आधीची स्केचेस होती. हात नीट काढता यावा म्हणून मावशींना सांगून घेतलेले काही फोटो फोनमध्ये होते. त्यांवरून त्याने पाचवं चित्र केलं. बैठक तीच, एक गुडघा वर. चेहऱ्याच्या जागी कोरा लंबगोल. अंगावर काही नाही; पोट, स्तन, मांडी निळ्या-करड्या मोठ्या पातळ्यांत मांडलेली. आणि मनगटावर तो तांबडा.

प्रदर्शन शहरातल्या एका लहानशा दालनात होतं. मावशी सुनेला घेऊन आल्या. पहिली चार चित्रं त्यांनी सावकाश पाहिली, सुनेला कुठल्या चित्राच्या वेळी पाय किती दुखला होता ते सांगितलं. पाचव्यापाशी थांबल्या.

"हे कधी काढलंत, दादा?"

"तुम्ही सुरतेला होतात तेव्हा."

"पण मी अशी कधी बसले?"

"मावशी, ती तुम्ही नाही. ते चित्र आहे."

मावशींनी काही न बोलता पदर मागे घेऊन स्वतःचं मनगट चित्राच्या मनगटाशेजारी धरलं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाचव्या चित्राचा फोटो गल्लीतल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एकाने फक्त मावशींचं नाव लिहिलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात काम करणारा मुलगा पाळी सोडून घरी आला. भाचा पोलिसांत जायचं म्हणू लागला. दोन घरांनी मावशींना पोळ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. एका घरी कारणही सांगितलं नाही, नुसतं "सध्या नको" म्हणाले. या प्रकरणातलं खरं नुकसान हे आहे. चित्रकाराचं एक चित्र भिंतीवरून उतरलं असतं, फार तर प्रदर्शन बंद पडलं असतं. मावशींची महिन्याची ठरलेली मिळकत गेली.

अश्लीलतेच्या वाटेने गेलेली चर्चा

पहिले काही दिवस जो तो एकाच प्रश्नावर बोलत होता: चित्र अश्लील आहे का? भाच्याचं म्हणणं, आहे. चित्रकाराचे मित्र म्हणत होते, कला अश्लील नसते, आणि अकबर पदमसींचं उदाहरण देत होते. ते उदाहरण खरं आहे. 1954 साली मुंबईत जहांगीर कलादालनातल्या प्रदर्शनातून 'लव्हर्स' ही चित्रं काढा असं पोलिसांनी सांगितलं, पदमसींनी नकार दिला, अटक झाली, खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. भारतीय चित्रकारांना त्या निकालाने मोठा आधार दिला आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण मावशींची तक्रार ती नव्हतीच. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते जवळजवळ शब्दशः देते. "ताई, उघडी बाई काढू नये असं मी म्हणत नाही. देवळावर पण असतात. मी कपडे काढून बसले असते तर ते माझं काम झालं असतं. दादांनी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, मला आता सांगता येणार नाही. त्यांनी विचारलंच नाही. चार चित्रांत मी आहे. पाचव्यात त्यांनी मला नेऊन बसवलं."

यावर नीट विचार केला तर भाच्याची आणि चित्रकाराच्या मित्रांची, दोघांचीही भूमिका निकामी ठरते. चित्र निर्दोष असू शकतं आणि तरी मावशींचा आक्षेप जागच्या जागी राहतो.

कायद्याची मदत इथे फारशी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक चित्रकार. कलम 17 मध्ये अपवाद आहे तो दुसऱ्या कुणी पैसे देऊन चित्र करून घेतलं त्याचा. म्हणजे स्वतःचं व्यक्तिचित्र सांगून करवून घेणाऱ्या श्रीमंताला हक्क मिळतो, पैसे घेऊन बसणाऱ्या मॉडेलला नाही. कलम 57 चित्रकाराला एक खास हक्क देतं: चित्र विकलं गेल्यावरसुद्धा कुणी त्याची मोडतोड करून चित्रकाराची अब्रू घालवली तर तो दाद मागू शकतो. जिचं अंग चित्रात आहे तिच्या अब्रूबद्दल हा कायदा बोलत नाही. पोलिसांत जाऊन जे मिळालं असतं ते म्हणजे पंचनामा आणि वर्तमानपत्रातली बातमी, आणि बातमीत मावशींचा फोटो. मुलाला हे समजावून सांगायला वेळ लागला. त्याचा राग मला समजत होता. आईबद्दल परक्या माणसांच्या तोंडून ऐकायला लागलं होतं त्याला.

चित्रकाराचं म्हणणं

त्याची बाजू मी पुरी मांडते, कारण ती हलकी नाही.

तो म्हणाला, तिसऱ्या चित्रापासून मी मावशींना रंगवत नव्हतोच. मावशी समोर बसायच्या आणि मी वजन रंगवत होतो, हाडांवर टेकलेलं वजन. साडी त्या वजनाच्या आड येत होती. पाचव्या चित्रात ती काढली ती कुणाची लाज काढायला नाही, आकार मोकळा करायला. शिवाय चित्रकार मॉडेलशिवाय मॉडेल रंगवतो ही काही नवी गोष्ट नाही.

हे त्याचं शेवटचं वाक्य इतिहासाला धरून आहे. पिकासोने 1963-64 मध्ये चित्रकार आणि मॉडेल हाच विषय घेऊन ढीगभर चित्रं केली, ती कुणाला समोर बसवून नव्हेत. फ्रेंच चित्रकार बोनार आणि त्याची मॉडेल मार्त यांचं उदाहरण तर आणखी जवळचं. मार्त त्याला 1893 साली भेटली, 1925 साली त्यांनी लग्न केलं, 1942 साली ती वारली. बोनार समोर बसवून फारसं रंगवत नसे. छोटी टिपणं करून आठवणीतून रंगवी. मार्त म्हातारी झाली तरी त्याच्या न्हाणीघरातल्या चित्रांत ती तरुणच राहिली. टबातली बाई आणि लहान कुत्रा असलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र 1941 मध्ये सुरू झालं आणि 1946 मध्ये संपलं. म्हणजे ती गेल्यावर चार वर्षं तो तिचं अंग पाण्यात ठेवून रंगवत होता. जगातल्या सगळ्यात कोवळ्या चित्रांपैकी ते एक आहे, आणि त्यासाठी कुणी परवानगी मागितली नव्हती.

मग मावशींच्या बाबतीत वेगळं काय? चित्रकाराने मला हेच विचारलं, आणि त्याला मी जे सांगितलं ते असं. मार्त आणि बोनार यांच्यात जवळपास पन्नास वर्षांचा संसार होता. तुमच्या दोघांत ठरलेले तास होते, ठरलेले पैसे होते, खडूने आखलेली जागा होती. मावशींनी तुला जे दिलं ते त्या खुणेच्या आतलं. कामाचं नातं असेल तर कामाच्या मर्यादा दोन्ही बाजूंनी धरायच्या. तू त्या कित्येक महिने काटेकोर पाळल्यास, मिनिटांचे पैसे दिलेस, म्हणूनच पाचवं चित्र त्यांना एवढं लागलं.

दुसरी गोष्ट त्याला कमी पटली. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराची 'ऑलिम्पिया', पलंगावर पडलेल्या नग्न बाईचं चित्र, 1865 साली पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी प्रदर्शनात, लागली तेव्हा लोक खवळले, आणि कारण नग्नता एवढंच नव्हतं. नग्न देवता त्या भिंतींवर रोजच्या होत्या. ही बाई ओळखीची वाटत होती, समोर बघत होती. तिच्यासाठी बसलेली व्हिक्टोरीन म्यूराँ स्वतः चित्रकार होती. 1876 साली सलोंने मानेची चित्रं नाकारली त्या वर्षी तिचं स्वतःचं व्यक्तिचित्र स्वीकारलं गेलं होतं. 'ऑलिम्पिया'चं बळ कशात आहे तर ती अमूक एक बाई आहे यात, आणि ती स्वतःहून तशी पडून राहिली होती. आधुनिक चित्रकलेने देवीचा मुखवटा काढून खरी बाई आणली. आपल्याकडची अमृता शेर-गिल पॅरिसमध्ये शिकत असताना तिने 1933 साली 'प्रोफेशनल मॉडेल' नावाचं चित्र केलं: थकलेली, ओघळलेल्या अंगाची बाई, कुठल्याही वीनसच्या नावाखाली न लपवलेली. चित्राचं नावच तिचं काम. खरेपणाचा हा सगळा जोर समोर बसलेल्या माणसाकडून येतो. तो जोर घ्यायचा, आणि त्या माणसाने विचारलं की "ती तुम्ही नाही" म्हणायचं, हे मला अप्रामाणिक वाटतं.

चित्रकार म्हणाला, "डाग तिथे रंगासाठी आहे. निळ्या-करड्यात एक तांबडा हवाच होता."

मी म्हटलं, मग तो गुडघ्यावर का नाही?

कागदाचा तुकडा

पुढचं त्याने एकट्याने केलं, मला नंतर सांगितलं. आपलं म्हणणं खरं आहे हे बघायला त्याने राखाडी रंगवलेल्या कागदाचा एक तुकडा कापला आणि टाचणीने चित्रातल्या मनगटावर लावला. ही युक्ती फ्रेंच चित्रकार मातीसची. 1935 साली लीडिया देलेक्तोर्स्काया त्याच्यासाठी बसत होती तेव्हा 'पिंक न्यूड' रंगवताना तो रंगीत कागद कापून कॅनव्हासवर टाचायचा, सरकवून बघायचा. त्या चित्राच्या बदलत्या अवस्थांचे 22 फोटो आहेत. पहिल्या फोटोत बाई आहे; शेवटच्या चित्रात हातपाय चौकटीएवढे लांबलेत, अंग सपाट गुलाबी झालंय, लीडिया म्हणून ओळखणं अवघड. तरीही ते सगळे महिने ती येऊन बसत होती. मातीसला तिचं साम्य नको होतं, ती मात्र हवी होती.

कागद लावल्यावर आमच्या चित्रकाराचं चित्र पडलं. तो म्हणाला, "बरं रंगवलेलं एक न्यूड राहिलं. कुठल्याही वर्गात होतं तसं." मग त्याने तांबड्या कागदाचा तुकडा गुडघ्यावर लावून पाहिला, खांद्यावर लावून पाहिला. रंगाचा तोल सांभाळला जात होता. चित्र उभं राहत नव्हतं. मनगटावरचा राखाडी तुकडा काढला की पुन्हा मावशी बसलेल्या दिसत.

त्याच संध्याकाळी त्याने पाचवं चित्र दालनातून उतरवून घरी आणलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. आणि मला फोन करून म्हणाला, मावशींना भेटायचंय, तू ये. त्याच्या या वागण्याबद्दल मला त्याचा अभिमान वाटतो. स्वतःच्या चित्राला प्रश्न विचारून त्याचं उत्तर ऐकणारे चित्रकार थोडे असतात.

बोलणी

बैठक मावशींच्याच घरी झाली. मावशी, मुलगा, सून, चित्रकार आणि मी. भाचा आला नाही. चित्रकाराने आधी सरळ माफी मागितली, मुलाचीही. मावशी म्हणाल्या, "चहा घ्या आधी." मुलगा बराच वेळ गप्प होता. सून मात्र तयारीने बसली होती. तिने वहीत मुद्दे लिहून आणले होते, गुजरातीत. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या पुष्कळ मराठी घरांत बोलणं मराठी आणि लिहिणं गुजराती असतं, तसंच यांचंही. त्यामुळे शेवटी जे ठरलं ते गुजरातीत लिहिलं गेलं आणि मावशींनी ते स्वतः वाचून सही केली.

पाचव्या चित्राचं काय करायचं यावर मुलाचं म्हणणं होतं, जाळा. मावशींनीच त्याला अडवलं. त्या म्हणाल्या, दादांची मेहनत आहे, जाळायचं नाही. मी आहे तोवर कुणाला दाखवायचं नाही, फोटोही काढायचा नाही. चित्रकाराने मान्य केलं. फोनमधले फोटो त्याने तिथेच बसून एकेक दाखवून पुसले. उरलेल्या चार चित्रांची नावं बदलायची आणि त्यांत मावशींचं पूर्ण नाव घालायचं, हेही सहज ठरलं. सुटलेली दोन घरं कुणाच्या हातात नव्हती. चित्रकाराच्या पत्नीने ओळखीत शब्द टाकून एक घर मिळवून दिलं.

खरी अडचण पुढच्या कामाची झाली. मावशींना बसायचं काम सोडायचं नव्हतं. सुनेने मुद्दा मांडला: समोर बसून जे काढाल ते ठीक. मागाहून स्केचवरून, आठवणीतून जे काढाल त्यात आई ओळखू येत असेल, तर बाहेर दाखवायच्या आधी आईला विचारायचं. चित्रकार म्हणाला, दाखवेन, पण विचारणार नाही. आठवणीवर कुणाची परवानगी लागायला लागली तर मी संपलो. हे तो चिडून बोलला नाही, घाबरून बोलला, आणि त्याची भीती मला खरी वाटते. चित्रकाराचं डोकं वर्षानुवर्षं पाहिलेल्या हातापायांनीच भरलेलं असतं. प्रत्येक रेषेमागे सही घ्यायची ठरली तर रेषा उमटणार नाही.

बराच खल झाल्यावर वाट निघाली ती मावशींच्या एका प्रश्नातून. त्या म्हणाल्या, "मला कळेल अशी कुठली खूण ठेवणार, ते तुमच्या हातात आहे ना?" यावरून ठरलं ते असं: आठवणीतून काय काढायचं ते चित्रकाराचं, पण मनगटाचा डाग, बसण्याची ती खास ढब किंवा चेहरा, ज्यावरून गल्लीतला माणूस मावशींना ओळखेल, असं काही चित्रात असेल आणि मावशी त्या रीतीने बसल्या नसतील, तर ते चित्र त्यांनी हो म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाही. विवस्त्र बसण्याबद्दल प्रत्येक वेळी वेगळं, बैठक सुरू होण्याआधी विचारायचं, आणि नाही म्हटलं म्हणून त्या दिवसाचे पैसे बुडणार नाहीत. हे शेवटचं वाक्य माझ्या आग्रहाने घातलं. पैशाची गरज असलेल्या बाईला नाही म्हणायला मोकळीक हवी असेल तर त्या नाहीची किंमत तिच्या खिशातून जाता कामा नये. लाइफ क्लास, म्हणजे मॉडेल समोर बसवून चित्र काढण्याचे वर्ग, चालवणाऱ्या सगळ्यांनी हे कलम घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

राहिलेला मुद्दा

एक गोष्ट ठरली नाही. सुनेच्या वहीत शेवटचा मुद्दा होता: चित्र विकलं तर आईला काय?

चित्रकार पहिल्या विक्रीतला दहावा हिस्सा द्यायला लगेच तयार झाला. सून म्हणाली, आणि पुढे ते कुणी चौपट किमतीला विकलं तर? हा प्रश्न हावरेपणाचा नाही. लुसियन फ्रॉइड या ब्रिटिश चित्रकाराने स्यू टिली या सरकारी मदतकार्यालयात काम करणाऱ्या बाईला बसवून 1995 साली जे चित्र केलं ते 2008 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 3 कोटी 36 लाख डॉलरना गेलं. हयात चित्रकाराच्या चित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. मॉडेलला मिळाली होती ती बसण्याची रोजची रक्कम. आणि व्हिक्टोरीन म्यूराँने 1883 साली, माने वारल्यावर काही महिन्यांत, त्याच्या पत्नीला पत्र लिहून हेच मागितलं होतं: चित्रं विकली गेली की तुलाही काही देईन असं तो म्हणाला होता, आता मला गरज आहे. तेव्हा 'ऑलिम्पिया' विकलीही गेलेली नव्हती.

आपल्या कायद्यात पुढच्या विक्रीचा विचार आहे, तो चित्रकारापुरता. कलम 53-अ प्रमाणे मूळ चित्र दहा हजार रुपयांवर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. मी सुचवलं की चित्रकाराने आपल्या त्या वाट्यातला काही भाग मावशींच्या आणि त्यांच्यामागे सुनेच्या नावे लिहून द्यावा. चित्रकाराचं म्हणणं, असा वाटा प्रत्यक्षात हातात पडणं महामुश्कील, नसलेल्या पैशाची वाटणी कशाला लिहायची? सून म्हणाली, नसलाच तर लिहून द्यायला काय हरकत आहे? माझं मत सुनेच्या बाजूने आहे आणि मी ते तिथे बोलून दाखवलं. चित्रकाराने विचार करायला वेळ मागितलाय. दोन चित्रं विकली गेली, त्यांतला दहावा हिस्सा मावशींना मिळाला. उरलेल्या मुद्द्यावर दिवाळीनंतर पुन्हा भेटायचं ठरलंय, आणि सुनेने यावेळी कायद्याचा कागद गुजरातीत मागवून ठेवलाय.